पान काळं का पडत नाही? प्रकाशसंश्लेषण आणि श्वसनाचे प्रयोग घरी करताना नेमकं कुठे चुकतं

दरवर्षी विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मला तेच तीन मेसेज येतात. "फॉइल लावलेला भागसुद्धा काळाच आला." "पान काळं पडलंच नाही, नुसतं चहासारखं तपकिरी झालं." आणि तिसरा, माझा आवडता, "थर्मासमध्ये उकडलेल्या मटकीचंच तापमान जास्त आलं, आता वहीत काय लिहू?" वहीत जे आलं ते लिहा हो, पण त्याआधी प्रयोग नीट करा. मी बरीच वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढलीत, आणि हे प्रयोग फसतात ते विज्ञान अवघड आहे म्हणून नाही तर क्रम चुकतो म्हणून, किंवा सोबत तुलनेला काहीच ठेवलेलं नसतं म्हणून.

प्रयोग दोन आहेत. पहिल्यात उजेड मिळालेल्या पानात स्टार्च (पिष्ट) बनतो का ते आयोडीन टाकून बघायचं, स्टार्च असेल तिथे पान निळं-काळं होतं. दुसऱ्यात मोड आलेली मटकी श्वसन करताना उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड सोडते का ते थर्मासमध्ये आणि चुन्याच्या निवळीने बघायचं. खाली दोन्ही प्रयोग एकाच वीकेंडला बसवलेत, शुक्रवार सकाळ ते रविवार संध्याकाळ. मुद्दाम एकत्र, कारण पानाच्या प्रयोगाची पहिली पायरीच मुळात श्वसनावर चालते आणि ते कळलं की अर्ध्या चुका आपोआप थांबतात.

टप्पा १: झाड निवडणं (इथेच बरेच जण आउट होतात)

कुंडीतली जास्वंद घ्या. पान पातळ, रुंद, आणि स्टार्च भरपूर साठवणारं. घेवड्याचं किंवा वालाचं रोप असेल तरी उत्तम. कोलियस पण चालतो, त्याचा लाल रंग गरम पाण्यातच निघून जातो त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

कांदा, लसूण घेऊ नका. यांची पानं स्टार्चऐवजी साखरेच्या रूपात साठा करतात, त्यामुळे दिवसभर उन्हात ठेवली तरी आयोडीनने निळं-काळं होत नाहीत आणि मग पोरं लिहितात की कांद्यात प्रकाशसंश्लेषण होत नाही. कोरफड, निवडुंगही नको, त्यांची पर्णरंध्रं (पानावरची हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं) दिवसा बंद आणि रात्री उघडी असा उलटा कारभार असतो. रबराचं किंवा वडाचं पान जाड आणि मेणचट, त्यात ना स्पिरिट आत शिरत ना आयोडीन. मनीप्लांट चालतो पण हिरवा रंग जायला वेळ लागतो, धीर असेल तर घ्या.

झाड टवटवीत पाहिजे. सुकलेलं झाड पाणी वाचवायला पर्णरंध्रं मिटून घेतं, रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत जात नाही, आणि कच्चा मालच नाही तर स्टार्च कुठून येणार. म्हणून अंधारात ठेवण्याआधी कुंडीला भरपूर पाणी घाला.

टप्पा २: शुक्रवार सकाळ, झाडाला उपास

कुंडी उचलून बंद कपाटात किंवा बिनखिडकीच्या खोलीत ठेवा, रविवार सकाळपर्यंत, म्हणजे ४८ तास. २४ तासांतही काम होतं असं पुस्तकात सापडेल, होतंही कधीकधी, पण मी रिस्क घेत नाही.

का ठेवायचं हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. पानात कालच्या उन्हात बनवलेला स्टार्च पडून आहे. उद्या तुम्ही आयोडीन टाकलं तर ते जुनं काय नि नवीन काय ओळखणार नाही, दोन्ही काळंच दाखवणार. म्हणून आधी जुना साठा संपवायचा. अंधारात झाड स्वयंपाक करू शकत नाही पण खाणं थांबवत नाही. स्टार्च मोडून साखर होते, त्यातली काही मुळांकडे, कळ्यांकडे जाते आणि काही पानाच्याच पेशी श्वसनात जाळतात. म्हणजे कपाटात बंद झाड ४८ तास जे करतंय तेच तुमच्या दुसऱ्या प्रयोगाचा विषय आहे.

सावधान: कपाटाची फट, अधूनमधून "झालं का बघू" म्हणून दार उघडणं, खोलीत लावलेला लाइट, हे सगळं उपास मोडतं. दारावर चिठ्ठी लावा. आमच्याकडे एकदा सफाई करणाऱ्या मावशींनी माया करून कुंडी गॅलरीत नेऊन ठेवली, आणि आम्ही सोमवारी सगळी पानं काळी बघत बसलो.

टप्पा ३: शुक्रवार रात्र ते शनिवार, मटकी आणि चुन्याची निवळी

शुक्रवारी रात्री अर्धा किलो मटकी भिजत घाला. शनिवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा, रात्रीपर्यंत बारीक मोड येतात. थंडीत वेळ लागतो, मग फडकं बंद डब्यात ठेवून डबा उबदार जागी ठेवा. लांब मोड यायची गरज नाही, टोक दिसलं की पुरे. अर्धा किलो जास्त वाटेल पण थोडी मटकी घेतली तर तिची उष्णता तिथेच विरून जाते आणि थर्मामीटर काही दाखवत नाही, ही फार कॉमन चूक आहे.

शनिवारीच सकाळी पानाला लावायचा चुना आणा, साधा, तंबाखूवाल्याकडे मिळतो तोच. अर्धा चमचा चुना एक लिटर पाण्यात ढवळा, झाकण लावा आणि संध्याकाळपर्यंत हलवू नका. चुना पाण्यात अगदी थोडाच विरघळतो, बाकी सगळा तळाला बसणार, त्यामुळे जास्त टाकून काही उपयोग नाही. संध्याकाळी वरचं स्वच्छ पाणी हळूच दुसऱ्या बाटलीत ओता, कापसातून गाळलं तर आणखी चांगलं. बाटली काठोकाठ भरा आणि घट्ट बंद करा, कारण उघडी ठेवली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच वर पांढरी साय धरते.

सावधान: चुन्याची पुडी लहान मुलांच्या हातात अजिबात नको. दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो, डोळा कायमचा खराब होऊ शकतो. पुडी मोठ्यांनीच कात्रीने कापायची. डोळ्यात गेलाच तर नळाखाली डोळा धुवत राहायचं आणि लगेच डॉक्टर.

तपासा: थोडी निवळी ग्लासात घ्या आणि स्ट्रॉने हळूहळू फुंका (फुंकायचं, ओढायचं नाही!). श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ झाली पाहिजे. झाली नाही तर निवळी शिळी आहे किंवा फार पातळ. दुधाळ झाल्यावर थांबा. फुंकतच राहिलात तर ती परत स्वच्छ व्हायला लागते, कारण न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळणाऱ्या बायकार्बोनेटमध्ये बदलतं. पोरांना वाटतं प्रयोग बिघडला, बिघडलेला नसतो, तुम्ही स्टेशन चुकवून पुढे गेलेले असता.

टप्पा ४: शनिवार रात्र, दोन थर्मास भरणं

मोड आलेल्या मटकीचे दोन समान भाग करा. एक भाग दहा मिनिटं उकळा. आता नीट वाचा: उकळलेली मटकी पूर्ण गार करा. चाळणीत पसरा, पंख्याखाली ठेवा, तास जाऊ दे. वरचा तिसरा मेसेज यायचं पहिलं कारण हेच, कोमट मटकी थर्मासमध्ये भरली की थर्मास आपलं काम इमानदारीने करतो आणि ती उष्णता सकाळपर्यंत धरून ठेवतो.

दुसरं कारण जंतू. मेलेली मटकी म्हणजे जिवाणू-बुरशीला आयतं जेवण, एक-दोन दिवसांत ते तिथे मुक्काम ठोकतात, त्यांचंही श्वसन चालतंच आणि तापमान चढतं. म्हणून दोन्ही भाग थोडं डेटॉल घातलेल्या पाण्यातून काढून घ्या आणि रीडिंग २४ तासांच्या आत संपवा. (ही मटकी नंतर उसळीला वापरायची नाही, विचारतात लोक म्हणून सांगतोय.)

दोन सारखेच थर्मास पाऊण भरा, थर्मामीटरचा फुगा मटकीच्या मधोमध जाईल असा खुपसा आणि तोंड कापसाच्या सैल बोळ्याने बंद करा. थर्मासचं झाकण लावायचं नाही! बियांना ऑक्सिजन लागतो, झाकण घट्ट लावलं की आतला ऑक्सिजन संपत जातो आणि श्वसन मंदावतं.

तापाचा थर्मामीटर चालणार नाही, त्यावर साधारण ३५ ते ४२ अंशांच्याच खुणा असतात आणि काचेचा असेल तर पारा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. लॅबचा ० ते १०० वाला घ्या, नाहीतर माशांच्या टाकीचा डिजिटल मिळतो तो घ्या, पण दोन्हीकडे एकाच प्रकारचा. आणि भरण्याआधी दोन्ही थर्मामीटर एकाच पाण्याच्या भांड्यात बुडवून बघा, त्यांच्यातच फरक असेल तर तो लिहून ठेवा.

भरताक्षणीचं रीडिंग घ्या. हे हमखास विसरलं जातं आणि मग सकाळी "वाढलं" कशापेक्षा ते सांगता येत नाही.

दोन्हीकडची मूठ मूठ मटकी बाजूला काढून बरण्या पण लावून टाका. लोणच्याच्या तीन सारख्या बरण्या, तळाला ओला कापूस, एकीत मोडाची मटकी, दुसरीत उकळलेली, तिसरी रिकामी. प्रत्येकीत एका छोट्या उघड्या वाटीत निवळी ठेवा आणि बरणीचं झाकण घट्ट लावा, इथे मात्र घट्टच. रिकाम्या बरणीतही सकाळी पातळशी साय दिसेल, ती बरणीतल्या हवेची, आणि म्हणूनच ती बरणी ठेवायची.

टप्पा ५: रविवार सकाळ, ऊन दाखवण्याआधीचं पान

झाड बाहेर काढायच्या आधी, कपाटातच, एक पान तोडा आणि टप्पा ७ मधली सगळी तपासणी त्याच्यावर आत्ताच करा. अर्धा तास जातो, जाऊ दे. हे पान काळं आलं तर उपास झालेलाच नाही, झाड परत कपाटात ठेवा आणि प्रयोग एक दिवस पुढे ढकला. तपकिरी आलं तर पुढे चला.

पानांना खुणा करा. रंग गेल्यावर सगळी पानं सारखी दिसतात आणि मग कुठलं कुठलं यावर घरात भांडणं. कात्रीने कडेला खाचा पाडा: अंधारातल्या पानाला एक, उन्हातल्या उघड्या पानाला दोन, फॉइलवाल्याला तीन. पेनाने लिहू नका, स्पिरिटमध्ये शाई जाते.

टप्पा ६: फॉइल आणि ऊन

झाड अजून अंधारात असतानाच एका पानाच्या मध्यावर ॲल्युमिनियम फॉइलची दोन बोटं रुंद पट्टी लावा, वरून आणि खालून दोन्हीकडून, आणि यू पिनने पकडा. नुसती वरून लावली तर खालून परावर्तित उजेड शिरतो. काळा कागद वापरणार असाल तर दुहेरी घ्या, बाजारातला काळा कार्डपेपर उजेडात धरून बघा, बराच उजेड आरपार येतो. पान झाडालाच राहू द्या.

मग झाड उन्हात, साधारण सकाळी ८ ते १, म्हणजे पाचेक तास. एप्रिल-मेच्या भर दुपारच्या उन्हात ठेवू नका, झाड मान टाकतं आणि परत तीच रंध्रं मिटायची गोष्ट. पावसाळ्यात आभाळ असेल तर संध्याकाळपर्यंत ठेवा. घरातल्या ट्यूबलाइटवर भागवू नका, डोळ्याला उजेड वाटतो पण उन्हाच्या मानाने तो काहीच नाही.

या वेळात मटकीची रीडिंग घ्या, दर दोन तासांनी. मोडाच्या मटकीचं तापमान उकळलेल्यापेक्षा काही अंशांनी वर असलं पाहिजे आणि तिच्या बरणीतली निवळी चांगली दुधाळ. जेवढी ऊर्जा ग्लुकोजमधून निघते तेवढी सगळी पेशीला एटीपीच्या (पेशी ज्यात वापरायची ऊर्जा साठवते त्या रेणूच्या) रूपात पकडता येत नाही, मोठा हिस्सा उष्णता म्हणून सुटतो, आणि थर्मामीटर दाखवतो तो हाच. थर्मासचा कापूस काढून तळहात वर धरा, ओलसर ऊब लागते, धान्याच्या दमट पोत्यात हात घातल्यावर लागते तशीच.

टप्पा ७: पानाची तपासणी, क्रम बदलायचा नाही

पहिलं, उकळतं पाणी. पान चिमट्याने धरून एक मिनिट बुडवा, मऊ पडलं की बाहेर. याने पेशींची आवरणं फुटतात, आयोडीन पुढे आत जाऊ शकतं, आणि पेशीतली एन्झाइम्स बंद पडतात म्हणजे पान आहे त्या अवस्थेत थांबतं. हे टाळून थेट स्पिरिटमध्ये टाकणारे बरेच. पाच-दहा मिनिटं शिजवणारेही आहेत, त्यांच्या पानाची भाजी होते.

दुसरं, गॅस बंद. बंद म्हणजे नॉबपण बघा.

तिसरं, स्पिरिट. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट छोट्या स्टीलच्या वाटीत घ्या, पान त्यात बुडवा, आणि वाटी त्या नुकत्याच उकळलेल्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा. वर ताटली झाका. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं म्हणून गरम पाणीच पुरतं. पाच ते दहा मिनिटांत स्पिरिट हिरवं आणि पान फिकट होतं. पाणी गार झालं तर दुसऱ्या खोलीतून गरम पाणी आणून बदला, गॅस परत पेटवू नका. हँड सॅनिटायझरचं जेल नको, चिकट होतं आणि रंग नीट सुटत नाही.

सावधान: स्पिरिटची वाटी थेट आचेवर कधीही ठेवायची नाही. वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीवरही पेटते, उजेडात ती निळी ज्योत दिसतसुद्धा नाही. मी एकदा पाहिलंय, मुलाला कळायच्या आत बाहीला धग लागली होती. वाटी पेटलीच तर झाकण टाकून विझवायची, पाणी ओतायचं नाही. खिडक्या उघड्या, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं.

चौथं, परत कोमट पाणी. स्पिरिटमधून काढलेलं पान पापडासारखं कडक असतं, उलगडायला गेलं की तुटतं. कोमट पाण्यात दोनदा बुडवलं की मऊ होतं.

पाचवं, गार पाणी, आणि हे कुणीच करत नाही. स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग उष्णतेने जातो. गरम पानावर आयोडीन टाकलं की काही दिसत नाही आणि माणूस म्हणतो प्रयोग फेल. पान गार करा, पांढऱ्या बशीत पसरवा.

सहावं, आयोडीन. बीटाडीनचं सोल्यूशन (मलम नाही) साधारण दहापट पाण्यात मिसळा, कोऱ्या चहाचा रंग आला पाहिजे. तसंच दाट टाकलं तर सगळं पान गडद तपकिरी होऊन काळं कुठलं नि तपकिरी कुठलं कळत नाही. आधी गार भाताच्या शितावर एक थेंब टाकून बघा. शीत निळं-काळं झालं तर आयोडीन ठीक. मग पानावर पसरवा, दोन-तीन मिनिटं थांबा, पाण्याने धुवा आणि उजेडासमोर धरा.

एक खाच: तपकिरी. दोन खाचा: निळं-काळं. तीन खाचा: दोन्ही बाजू काळ्या आणि मध्ये फॉइलच्या आकाराचा फिकट पट्टा. पट्ट्याची कड थोडी धूसर येते, फॉइल सैल असेल तर जास्तच, त्याचं टेन्शन नको.

टप्पा ८: वहीत लिहिताना

"झाड दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतं" हे वाक्य लिहू नका, कुणीही सांगितलं तरी. श्वसन २४ तास चालतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा जोर इतका की श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तिथेच वापरला जातो, म्हणून बाहेर दिसत नाही, एवढंच. पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो हेही यातलंच, उजेड नाही तर ऑक्सिजन नाही, झाड कितीही पवित्र असो.

"श्वसन म्हणजे प्रकाशसंश्लेषणाची उलट क्रिया" असं समीकरण बघून वाटतं, कारण कार्बन डायऑक्साइडचे ६ आणि पाण्याचे ६ रेणू विरुद्ध ग्लुकोजचा १ आणि ऑक्सिजनचे ६, बाण फक्त उलटा. पण जागा वेगळ्या आहेत, प्रकाशसंश्लेषण हरितलवकात (पेशीतल्या हिरव्या कणांत), श्वसन पेशीद्रवात सुरू होऊन तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात) संपतं, आणि वाटेतल्या पायऱ्याही वेगळ्या. हॉलला जायचा जिना आणि यायचा जिना वेगळा असतो तसं समजा.

बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नाही, पाण्यातला आहे. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

मटकीच्या निष्कर्षात "उष्णता निर्माण झाली म्हणून श्वसन झालं" एवढंच लिहून थांबू नका, उकळलेल्या मटकीचं रीडिंग शेजारी लिहा, नाहीतर ती खोलीची उष्णता नव्हे हे कशावरून? एटीपीच्या आकड्यावरूनही गोंधळ होतो, जुन्या हिशोबाने एका ग्लुकोजमागे ३८ आणि नव्याने ३० ते ३२. परीक्षेत तुमच्या पुस्तकात आहे तो लिहा.

टप्पा ९: आवराआवर

पानांचे फोटो लगेच काढा, निळा रंग वहीत चिकटवल्यावर टिकत नाही. मटकी खतात. निवळी भरपूर पाण्यासोबत मोरीत. जास्वंदीला पाणी घालून जागेवर ठेवा.

हिरवं स्पिरिट लगेच फेकू नका. गार झालं की काचेच्या छोट्या बाटलीत ओतून झाकण लावा, रात्री लाइट बंद करा आणि नोटा तपासायची निळी-जांभळी बॅटरी बाजूने मारा. हिरवं पाणी रक्तासारखं लाल चमकतं. पानात असताना हरितद्रव्याने पकडलेली ऊर्जा पुढच्या पायरीला दिली जाते, इथे बाटलीत पुढची पायरीच उरलेली नाही, म्हणून ती लाल उजेड होऊन परत बाहेर पडते. सकाळी उन्हात बाटली ठेवलीत तर हळूहळू पाणी तपकिरी पडेल, त्यामुळे पोरांना दाखवायचं तर त्याच रात्री दाखवा.